प्राणीसंग्रहालयाची वही : प्रत्येक जनावराचा वेगळा हिशोब, आणि तुमच्या धंद्यासाठी त्यातले ७ नियम



"सर, शेळीपालन सुरू केलंय, वीस शेळ्या आहेत, पण पैसा दिसत नाही." अशा अर्थाचे प्रश्न सारखे येतात. कोणी गाईंबद्दल विचारतं, कोणी मंडप-डेकोरेशनच्या सामानाबद्दल, कोणी भाड्याने दिलेल्या शिलाई मशीनबद्दल. मी उलटा एकच प्रश्न विचारतो : "त्या वीसपैकी तुम्हाला पोसणाऱ्या किती, आणि तुम्ही फुकट पोसताय अशा किती?" बहुतेक वेळा उत्तर येत नाही. एकूण आकडा तोंडपाठ असतो, पण एकेकीचा हिशोब नसतो.

हा एकेकाचा हिशोब जगात सगळ्यात काटेकोरपणे कोण ठेवत असेल? बँक? कारखाना? माझ्या मते प्राणीसंग्रहालयं. तिथे माल जिवंत असतो, तो जन्मतो, मरतो, दुसऱ्या गावी जातो, आणि कधी कधी एका चुकीच्या नोंदीमुळे अख्खी जात धोक्यात येते. म्हणून आज जरा वेगळ्या विषयावर बोलू. शेवटपर्यंत वाचा, कारण वीस शेळ्यांचा हिशोब मी खाली आकड्यांत मांडलाय.

आधी साधी मोजदाद

लंडनच्या प्राणीसंग्रहालयात दरवर्षी जानेवारीत सगळ्या प्राण्यांची मोजणी होते. तिथले कर्मचारी पाटी-कागद घेऊन पिंजऱ्यापिंजऱ्यात जातात आणि हजारो जीव मोजून काढतात. ही हौस नाही. तिथल्या परवान्याची ती अट आहे. याच संस्थेकडे रोज काय घडलं त्याच्या नोंदवह्या १८२८ सालापासून आहेत. कोणता प्राणी आला, कोणता मेला, हे त्या त्या दिवशी लिहिलेलं.

आपल्याकडे १९९२ साली केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. मान्यता असलेल्या प्रत्येक संग्रहालयाला दरवर्षी प्राण्यांची यादी द्यावी लागते. त्या यादीचे रकाने बघा : १ एप्रिलची शिल्लक, वर्षात जन्म, बाहेरून आलेले, बाहेर गेलेले, मृत्यू, आणि ३१ मार्चची शिल्लक. किराणा दुकानाच्या स्टॉक रजिस्टरचाच नमुना आहे की नाही? सुरुवातीची शिल्लक अधिक आवक वजा जावक, बरोबर अखेरची शिल्लक. हे गणित जुळलं नाही तर कुठेतरी एक प्राणी कागदावर हरवलाय किंवा खरोखरच हरवलाय.

लिहिण्याची पद्धतही सुटसुटीत आहे. जगभरातली संग्रहालयं आपल्याकडचे प्राणी तीन आकड्यांत लिहितात, मध्ये टिंब देऊन. समजा "२.३.१" असं लिहिलंय. म्हणजे दोन नर, तीन माद्या आणि एकाचं लिंग अजून कळलेलं नाही. जपान असो की जर्मनी, वाचणाऱ्याला एका ओळीत चित्र कळतं. तुमच्या वहीतली खूण तुमच्या बायकोला, मुलाला किंवा गड्याला अशी एका नजरेत कळते का? विचार करा.

मोजलं, पण ओळखलं का?

मोजणी ही पहिली पायरी. खरं काम पुढे आहे : सहा हरणांपैकी हे हरीण नेमकं कोणतं?

यासाठी संग्रहालयं प्राण्यानुसार वेगवेगळ्या युक्त्या वापरतात. वाघ, झेब्रा, जिराफ यांच्या अंगावरची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून फोटो काढून ठेवतात. यातही गंमत आहे. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचे फोटो लागतात. पक्ष्यांच्या पायात कडी घालतात, पेंग्विनच्या पंखाला रंगीत पट्टी लावतात, हरणांच्या कानात बिल्ला मारतात, कासवाच्या पाठीवर खूण करतात. आणि पुष्कळ प्राण्यांच्या कातडीखाली मायक्रोचिप बसवतात. ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिला बॅटरी नसते. वाचक यंत्र जवळ नेलं की १५ आकडी क्रमांक दिसतो, बस.

बऱ्याचदा एकाच प्राण्याला दोन खुणा करतात. एक लांबून दिसणारी, जसा बिल्ला. दुसरी न हरवणारी, जशी चिप. बिल्ला तुटून पडला तरी ओळख जात नाही.

नावाचं काय? नावं असतातच, पण हिशोब क्रमांकावर चालतो. ताडोब्याची वाघीण पर्यटकांना "माया" म्हणून माहीत होती, वनखात्याच्या कागदावर ती टी-१२. नाव प्रेमाने हाक मारायला, क्रमांक नोंद करायला. एका गोठ्यात दोन "लक्ष्मी" असू शकतात, पण १७ नंबर एकच असतो. आणि १७ नंबरची गाय विकली किंवा मेली, तर तो नंबर पुन्हा कोणाला द्यायचा नाही. नाहीतर दोन जनावरांचा इतिहास एकाच पानावर मिसळतो, मग कितीही डोकं लावा, तो सुटा होत नाही.

एका वहीने वाचवलेली जात

आता बघा, या नोंदीचं मोल केवढं असतं.

युरोपात एक मोठा रानटी बैल असतो, युरोपियन बायसन. आपल्या गव्याचा लांबचा भाऊ म्हणा. पहिलं महायुद्ध आणि शिकार यांनी त्याचा घास घेतला. पोलंडच्या जंगलातला शेवटचा १९१९ मध्ये गेला, कॉकेशस पर्वतातला १९२७ मध्ये. जंगलात एकही उरला नाही. उरले ते फक्त संग्रहालयांत आणि खाजगी बागांत, साठहून कमी.

अडचण एवढीच नव्हती. काही ठिकाणी त्यांचा अमेरिकन बायसनशी संकर झाला होता. दिसायला सारखे, पण शुद्ध कोण आणि मिश्र कोण? मग जाणकारांनी एकेका जनावराचे आईबाप शोधले, शुद्ध जनावरांची वंशावळ तयार केली, आणि १९३२ साली तिचं पुस्तक छापलं. जंगली जातीसाठी ठेवलेली ही पहिली वंशावळ वही मानली जाते. आज जे शुद्ध युरोपियन बायसन आहेत ते सगळे फक्त १२ मूळ जनावरांचे वंशज आहेत, आणि त्यांची संख्या आता हजारांच्या घरात आहे, मोकळ्या जंगलातसुद्धा.

पैसा, कुंपण, चारा हे सगळं लागलंच. पण कोणाची जोडी कोणाशी लावायची हे त्या वहीने सांगितलं. वही नसती तर भावाबहिणींच्या जोड्या लागत गेल्या असत्या, किंवा मिश्र रक्त सगळीकडे पसरलं असतं.

पहिलीच नोंद चुकली तर?

आता उलट उदाहरण, आणि हे आपल्या गीरच्या सिंहाचं.

आशियाई सिंह जंगलात फक्त गुजरातेत आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या संग्रहालयांनी त्याच्या पैदाशीचा एकत्र कार्यक्रम आखला. पाच मूळ सिंहांपासून वंश वाढवला. नोंदी ठेवल्या, जोड्या विचारपूर्वक लावल्या, बछडे झाले. सगळं नियमाप्रमाणे. आणि १९८७ साली रक्ताच्या तपासणीवरून शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की त्या पाच मूळ सिंहांपैकी दोघांमध्ये आफ्रिकन सिंहाचा अंश होता. त्यांच्या मुलानातवंडांमध्ये तो पसरलेला होता. कार्यक्रम थांबवावा लागला.

आपल्याकडेही हेच झालं. चंदीगडजवळच्या छतबीड संग्रहालयात सर्कशीतून आलेले आफ्रिकन वंशाचे सिंह आणि आशियाई सिंह यांची पिलावळ वाढली. २००० च्या सुमारास तिथली पैदास थांबवण्यात आली, नरांची नसबंदी केली. पण झालेले सिंह कुठे जाणार? ते मरेपर्यंत पोसणं भाग. जागा, मांस, औषध, माणसं, सगळा खर्च चालू. वंश पुढे न्यायला मात्र उपयोग शून्य.

लक्षात घ्या, नंतरच्या नोंदी कितीही सुंदर असू देत, "हा आला कुठून, आईबाप कोण" ही पहिली ओळ कच्ची असेल तर वरची सगळी इमारत कच्ची. धंद्यात आपण हेच करतो. बाजारातून शेळी आणतो, विकणारा म्हणतो "दोन वेत झालीत, जुळी देते", आपण ते खरं धरून चालतो. ऐकीव गोष्ट वहीत "ऐकीव" म्हणूनच लिहा. स्वतः पाहिलेली वेगळी लिहा.

तीस वर्षांनी बोलणारी नोंद

तिसरी गोष्ट थोडक्यात. कॅलिफोर्निया कॉन्डॉर हा गिधाडाच्या कुळातला भला मोठा पक्षी. १९८२ साली जगात फक्त २२ उरले होते. १९८७ मध्ये शेवटचा जंगली पक्षी पकडून सगळे, म्हणजे २७ पक्षी, बंदिस्त पैदाशीत घेतले. तेव्हापासून प्रत्येक पिलाला वंशावळीतला क्रमांक, रक्ताचा किंवा ऊतीचा नमुना, आईबापाची नोंद.

२०२१ मध्ये सॅन डिएगोच्या शास्त्रज्ञांनी ९११ पक्ष्यांच्या नमुन्यांची छाननी केली. त्यात दोन नर पिलांचा बापच जुळेना. क्रमांक २६० आणि ५१७. त्यांच्यात सगळा वारसा आईचाच निघाला. म्हणजे नराशिवाय, निव्वळ मादीपासून झालेली पिलं! या पक्ष्यात असं होऊ शकतं हे कोणाला माहीत नव्हतं. आणि शोध लागला तेव्हा ते दोन्ही पक्षी जिवंतही नव्हते, एक २००३ मध्ये गेला होता, दुसरा २०१७ मध्ये. पक्षी गेले, नोंद आणि नमुना राहिला, म्हणून हे कळलं.

नोंद लिहिताना ती उद्या कशाला उपयोगी पडेल हे कधीच पूर्ण माहीत नसतं. म्हणून ती त्याच दिवशी, खरी आणि वाचता येईल अशी लिहायची.

आता आपल्या वीस शेळ्या

चला, वही उघडा. आकडे मी समजायला सोपे धरलेत, तुमच्याकडचे भाव तुम्ही घाला.

समजा २० शेळ्या. वर्षाला एका शेळीवर चारा, खुराक, औषध, मजुरी धरून ६,००० रुपये खर्च. एकूण खर्च १,२०,०००. वर्षात ३० करडं विकली, प्रत्येकी ५,००० रुपये. एकूण विक्री १,५०,०००. नफा ३०,०००. सरासरी काढली तर प्रत्येक शेळीमागे दीड करडू आणि १,५०० रुपये नफा. "बरं चाललंय, पण परवडत नाही" असं वाटतं.

आता तोच कळप एकेकीच्या पानावरून बघू :

- १२ शेळ्यांनी प्रत्येकी २ करडं दिली. विक्री १,२०,०००, खर्च ७२,०००. नफा ४८,०००.
- ६ शेळ्यांनी प्रत्येकी १ करडू दिलं. विक्री ३०,०००, खर्च ३६,०००. तोटा ६,०००.
- २ शेळ्या भाकड राहिल्या. विक्री शून्य, खर्च १२,०००. तोटा १२,०००.

४८,००० मधून १८,००० गेले, उरले ३०,०००. उत्तर तेच, पण आता दिसतंय की बारा शेळ्या घर चालवतायत आणि आठ जणी त्यातलं खातायत. सरासरीने हे झाकून ठेवलं होतं.

आणि खरा धोका पुढे आहे. घरात पैशाची नड आली की व्यापारी येतो. तो कुठली शेळी पसंत करतो? भरलेली, तुकतुकीत. भाकड शेळी अंगाने भरलेली दिसू शकते, आणि दोन करडांना पाजणारी हडकलेली. तेव्हा वही नसेल तर "ही मरतुकडी काढून टाका" म्हणून कमावती शेळी विकली जाते. दोन-तीन वेळा असं झालं की कळपात उरतात त्या खाणाऱ्या. मग माणूस म्हणतो, शेळीपालनात राम नाही.

पण घाईही नको. पहिल्या वेताला एकच करडू दिलं म्हणून लगेच काढू नका. एखादी भाकड राहिली तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, बोकडात दोष आहे का तेही बघा. दोन वेतांची नोंद हातात असली की निर्णय पक्का होतो.

बोकडाचंही तसंच. बायसनच्या वहीने जे काम केलं तेच तुमच्या वहीने करायचंय. कोणतं करडू कोणत्या बोकडाचं हे लिहिलं असेल, तर त्याचीच पाट मोठी झाल्यावर त्याच बोकडाकडे जाणार नाही. नाहीतर पिढीगणिक करडं किरकोळ होतात, मरतुक वाढते, आणि दोष चाऱ्याला जातो.

प्राणीसंग्रहालयाकडून घ्यायचे ७ नियम

१. एक जीव, एक क्रमांक, आयुष्यभर. मेला, विकला तरी तो क्रमांक दुसऱ्याला नाही. गाईम्हशींना सरकारी योजनेत १२ आकडी पिवळा बिल्ला मिळतो, तो असेल तर तोच वहीत लिहा आणि रोजच्या वापरासाठी जवळ छोटा क्रमांक ठेवा.

२. ओळखीच्या दोन खुणा. बिल्ला आणि फोटो. फोटो दोन्ही बाजूंनी. मोबाईल खिशात आहेच, त्याला पैसे पडत नाहीत.

३. पहिली ओळ पक्की. कुठून आणला, कधी, किती रुपयांना, आईबाप माहीत आहेत की ऐकीव.

४. त्याच दिवशी लिहा. वेत, लस, आजार, वजन, विक्री. "रविवारी एकदम लिहू" म्हणालात की निम्मं विसरलं.

५. खोडू नका. चूक झाली तर एक रेघ मारा, खाली बरोबर लिहा, तारीख टाका. खोडलेली वही स्वतःलाच पटत नाही, विमा कंपनीला काय पटणार?

६. मृत्यूचंही पान भरा. संग्रहालयात प्राणी मेला की शवविच्छेदन होतं, कारण लिहिलं जातं. तुम्ही निदान तारीख, लक्षणं आणि डॉक्टर काय म्हणाले ते लिहा. तीन करडं एकाच महिन्यात, एकाच लक्षणाने गेली हे पान उलटल्यावर दिसतं, डोक्यात ठेवून दिसत नाही. आणि जनावरांच्या विम्यात बिल्ला आणि कागद नसेल तर दावा अडकतो, हे विसरू नका.

७. वही दुसऱ्याला वाचता आली पाहिजे. १९७० च्या दशकात अमेरिकेत पन्नासएक संग्रहालयांनी एकत्र येऊन सगळ्यांच्या नोंदी एका साच्यात आणायला सुरुवात केली. तीच संस्था आज स्पीशीज३६० नावाने ओळखली जाते, जगातल्या हजाराहून जास्त संस्था तिच्याशी जोडलेल्या आहेत. प्राणी एका देशातून दुसऱ्या देशात गेला तरी त्याचा इतिहास सोबत जातो. तुमच्याकडे निदान एवढं व्हावं की तुम्ही आठ दिवस दवाखान्यात असलात तर घरच्यांना कळावं, कोणती शेळी कधी विणार आहे.

सगळ्यालाच नंबर द्यायचा का?

नाही! इथेही संग्रहालयाकडून शिका. लंडनला मोजणी करताना मुंग्यांचं वारूळ एक वसाहत म्हणून धरतात, मुंगी मुंगी मोजत बसत नाहीत. बऱ्याच माशांचीही गट म्हणून नोंद होते.

तुमची फूटपट्टी अशी : ती एक वस्तू किंवा जनावर वेगळं वागतं का, आणि त्या एकाबद्दल वेगळा निर्णय घ्यावा लागतो का? दोन्हीचं उत्तर "हो" असेल तर वेगळं पान. गाय, शेळी, भाड्याची शिलाई मशीन, जनरेटर, मंडपाचा साऊंड सेट यांना वेगळं पान. पाचशे ब्रॉयलर पिल्लं, लोखंडी खुर्च्या, पापडाचं पीठ यांना बॅच नंबर पुरे : कधी आलं, किती आलं, किती मेलं किंवा फुटलं, किती विकलं. प्रत्येक कोंबडीला नंबर देत बसलात तर वही भरेल, धंदा होणार नाही.

या आठवड्याचं काम

दोनशे पानी वही घ्या. ॲप नंतर. पहिल्या पानावर आजची शिल्लक. नंतर प्रत्येक जनावराला किंवा यंत्राला एक पान : वर क्रमांक, फोटोची तारीख, कुठून आलं, किंमत. खाली तीन रकाने, तारीख, काय झालं, पैसे आले की गेले. वीस पानं भरायला एक संध्याकाळ लागते.

तीन महिन्यांनी प्रत्येक पानाची बेरीज करा आणि सगळ्यात वरचे तीन आणि सगळ्यात खालचे तीन क्रमांक वेगळ्या कागदावर लिहा. तो कागद गोठ्याच्या किंवा दुकानाच्या भिंतीवर लावा. पुढच्या वेळी व्यापारी दारात येईल तेव्हा जनावराच्या अंगाकडे बघण्याआधी त्या कागदाकडे बघा.

तुमच्या धंद्यात कोणत्या गोष्टीला वेगळं पान लागेल आणि कोणती बॅचवर भागेल, हे कमेंटमध्ये लिहा. अडलं तर विचारा, पुढच्या व्हिडिओत तुमच्याच वहीचा नमुना घेऊन बोलू.